ओढ्याच्या अलीकडे

मराठी विभागाची सहल पावसाळ्यातच निघावी, असा आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. प्राचार्यांकडे जो अर्ज जातो त्यात ‘शैक्षणिक सहल’ असे लिहावे लागते आणि त्या विशेषणाचे समर्थन करता येईल अशीच स्थळे शोधावी लागतात. या बाबतीत सह्याद्रीने मराठीच्या प्राध्यापकांची उत्तम सोय करून ठेवली आहे. शिवथरघळीत धबधबा आहे आणि दासबोधही आहे. ठोसेघरचा धबधबा पाहायला जावे तर सज्जनगड वाटेवरच लागतो. राजमाचीसाठी गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ अर्जात लिहिता येतो. दोन-तीन तास चढावे, भिजावे, कड्यावर उभे राहावे, संध्याकाळी परतावे आणि वर अभ्यासक्रमाचे पुण्यही पदरी पडावे. आम्ही दोघे, एक साहित्यशास्त्र शिकवणारा आणि एक भाषेचा इतिहास शिकवणारी, गेली कित्येक वर्षे अशा सहली काढत आलो आहोत. त्यांपैकी एका सहलीविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते, आणि बरेच दिवस आम्ही ते टाळतही होतो.

२०२२ च्या जुलैत आम्ही नाणेघाटात गेलो. एम. ए.च्या दोन्ही वर्षांचे मिळून १९ विद्यार्थी होते. जुन्नरकडून घाटघरला गेले तर मोटार जवळजवळ माथ्यापर्यंत पोचते. पण तिकडून घाट पाहायला मिळतो, चढायला मिळत नाही. म्हणून आम्ही कोकणची बाजू धरली. मुरबाड, टोकावडे करीत वैशाखरे गाव मागे टाकले, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि रानात शिरलो. आरंभीच एक ओढा लागला. पाणी घोट्याच्या वर नव्हते, तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते. मुलींनी चपला हातात घेतल्या, कोणी कोणावर पाणी उडवले, छायाचित्रे काढून झाली. त्या ओढ्याकडे आम्ही याहून अधिक लक्ष दिले नाही.

चढताना भाषेच्या इतिहासाचा तास सुरू झाला. ‘घाट’ हा शब्दच घ्या, असे आम्ही सांगत होतो. नदीकाठच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो, डोंगर चढून जाणाऱ्या वाटेलाही घाट म्हणतो; इंग्रजांनी वाटेचे नाव अख्ख्या पर्वताला देऊन टाकले, आणि आपण समीक्षकांनी तो शब्द कवितेच्या आकाराला लावला. विद्यार्थ्यांनी मान डोलावली. धापा टाकत असताना मान डोलावणे सोपे असते.

या पहाडाची घडणही पायऱ्यांचीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. टणक थराचा कडा राहतो; त्याच्या लगतचा ठिसूळ थर झिजून मागे सरतो आणि तिथे सपाटी उरते. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. कडा, सपाटी, पुन्हा कडा. टणक थराच्या काठावरून पाणी सुटते तोच धबधबा. सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारी ही शेकडो पांढरी धार म्हणजे मुळात या थरांची खूणच होय.

वरच्या टप्प्यात जुनी दगडी फरसबंदी लागते, पाण्याची टाकी लागतात आणि मग ती लेणी. तिथे आम्ही जरा जास्तच वेळ घालवला, हे कबूल केले पाहिजे. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजांच्या प्रतिमा होत्या. आज त्या नाहीत, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत. वर ब्राह्मीत कोरलेली नावे मात्र आहेत. सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि एक ‘महारठि’. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा प्राकृत लेख आहे. आरंभी इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्रसूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना वंदन आहे. पुढे यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची यादी आहे. त्या यादीतले आकडे अंकांच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या लेखाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. त्या दिवशी मात्र लेण्यात आमच्याशिवाय लेखाकडे पाहणारे कोणी नव्हते. बाकीची मंडळी ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून मक्याची कणसे खात होती. स. आ. जोगळेकरांनी ‘सह्याद्रि’ हा ग्रंथ लिहिला आणि गाथासप्तशतीचेही संपादन केले. एकाच माणसाने डोंगर आणि प्राकृत कविता या दोहोंचा ध्यास घ्यावा याचे नवल या जागी उभे राहिल्यावर वाटेनासे होते, असे आम्ही म्हणालो. वाक्य चांगले होते. दोघा-तिघांनी टिपूनही घेतले.

माथ्यावर पोचलो तर वारा उभे राहू देईना. नाणेघाटचा कडा थेट पश्चिमेकडे तोंड करून आहे. समुद्रावरून आलेला मोसमी वारा कोकणच्या सपाटीवर कुठे अडत नाही. तो इथे येऊन कड्यावर आपटतो आणि उभा वर चढतो. त्यामुळे काठावरून सुटलेली धार खाली पडतच नाही. हातभर खाली जाते, थबकते, फाटते आणि उलटी आपल्याच अंगावर येते. पाऊस वरून, धबधबा खालून. ‘उलटा धबधबा’ पाहायला त्या दिवशीही शे-दोनशे माणसे आली होती, आणि काठापासून वीतभर अंतरावर पाठमोरी उभी राहून स्वतःचीच छायाचित्रे घेत होती.

तिथेच, एका खडकाच्या आडोशाला, साहित्यशास्त्राचा तास झाला. विषय उदात्ताचा. रा. भा. पाटणकरांच्या ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ या पुस्तकाच्या आधाराने आम्ही तो भाग शिकवतो. कांटने १७९० च्या ग्रंथात उदात्ताची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत अंगावर येणारे कडे आहेत, गडगडणारे ढग आहेत, मोठ्या नदीचा उंचावरून कोसळणारा प्रपातही आहे. जणू हा माणूस जुलैत सह्याद्रीत येऊन गेला असावा. त्याची अट एवढीच, की पाहणारा स्वतः सुरक्षित जागी असावा. तरच भयाचे रूपांतर उदात्ताच्या अनुभवात होते. ही अट आम्ही दरवर्षी सांगतो. त्या दिवशीही सांगितली आणि पुढे गेलो.

पाऊस दीडच्या सुमारास वाढला. आम्ही उतरायला लागलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. फरसबंदीवरून पाण्याचे लोट येत होते, दोघीजणी घसरून पडल्या, एकीचे मनगट सुजले. ओढ्याशी पोचलो तेव्हा पाच वाजले होते.

ओढा तोच होता असे म्हणायला जागेखेरीज पुरावा नव्हता. रुंदी दुप्पट झाली होती. पाणी तांबूस, जाड, मध्येच पालापाचोळा आणि काटक्या. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, लाकडी जिन्यावरून कोणी पेट्या ओढाव्यात तसा. पलीकडे, दोन-तीनशे पावलांवर, आमची गाडी उभी होती. चालक भोंगा वाजवत होता, तो ऐकू येत होता. आठपर्यंत मुलींना घरी पोचवण्याचे आम्ही पालकांना लेखी कळवले होते. आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या एका टोळक्यातले तिघे तरुण हातात हात धरून पार गेले. मधल्याची पाठीवरची पिशवी वाहून गेली, तो पलीकडे जाऊन हसला. ते पाहून आमच्यापैकी साहित्यशास्त्र शिकवणाऱ्याने विजारीच्या बाह्या गुडघ्यापर्यंत दुमडल्या. साखळी करू, मधे मुली घेऊ, असे ठरतही आले.

“सर, नका उतरू.”

अकोले तालुक्यातल्या डोंगराळ पट्ट्यातून आलेला आमचा एक विद्यार्थी होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा. तो म्हणाला, “पाणी लाल झालंय. खालून धोंडे चाललेत, आवाज ऐका. वर कड्यावर अजून धरून आहे पाऊस.”

“अरे, ते गेले ना आता पलीकडे.”

“गेले. साखळीत एक घसरला की सगळे जातात सर.”

आवाज अजिबात चढलेला नव्हता. आम्ही काय उत्तर दिले असते ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात वरून एक ओंडका आला. आम्ही जिथून उतरणार होतो त्याच खडकावर तो आपटला, क्षणभर उभा राहिला आणि गिरकी घेऊन गेला. कोणी काही बोलले नाही. विजारीच्या बाह्या हळूच खाली आल्या.

त्याने पाण्याच्या काठाशी एक चपटा दगड ठेवला, त्यावर दुसरा. मग म्हणाला, “मॅडम, मागं पदरात कपार आहे मघाची. लांब नाही. सगळ्यांना तिथं बसवा. इथं लवणात नको, पाणी इकडूनही फुटंल.”

हे दोन शब्द ऐकले आणि भाषेचा इतिहास शिकवणाऱ्या बाईंना ओढ्यापेक्षा निराळीच एक गोष्ट आठवली. पहिल्या सत्रात ‘माझा परिसर’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतले होते, २० गुणांचे. या मुलाने लिहिले होते की आमचे गाव पदरात आहे. ‘पदरात’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते आणि समासात शेरा: ‘कोणाच्या?’ लवणात भात चांगला येतो, या वाक्यावर: ‘लवण म्हणजे मीठ. शब्द तपासा.’ नळीच्या वाटेने खाली बाजाराला जातो, यावर नुसतेच प्रश्नचिन्ह. गुण ९. दोन कड्यांमधली सपाटी म्हणजे पदर, दोन उंचवट्यांमधला सखल भाग म्हणजे लवण, कड्याला पडलेली उभी अरुंद चीर म्हणजे नळी. यातला एकही शब्द अशुद्ध नाही, कोशात पाहण्याचे कष्टही आम्ही घेतले नव्हते. त्याच दिवशी सकाळी आम्ही याच पायऱ्यांसाठी स्वीडिश शब्द सांगितला होता, आणि मराठी शब्द सांगणारा आमच्या मागे पाच पावलांवर चालत होता.

कपारीत आम्ही २१ माणसे दाटीवाटीने बसलो. अर्ध्या तासाने तो खाली जाऊन आला: वरचा दगड दिसत नव्हता. मुलींच्या पालकांना कळवायला भ्रमणध्वनीला संपर्क नव्हता. कोणी रडले, कोणी चिडले, कोणी चिवडा वाटला. त्याला आम्ही विचारले, की तुला हे कसे कळते. त्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा. लहानपणी घरचा एक बैल असाच गेला, एवढे तो म्हणाला. मग थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाला, “आमच्याकडं पाऊस बघायला कोणी जात नाही सर. पाऊस काढतात.” पाऊस काढणे. हाही शब्दप्रयोग आम्हाला आदल्या वर्षी सापडला असता तर त्याखाली लाल रेघ आली असती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डोंगरातल्या माणसाला उपजत शहाणपण असते, अशी जी एक भाबडी समजूत आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत वारंवार डोकावते, तिला आम्हाला दुजोरा द्यायचा नाही. तो मुलगा घाबरलेला होता, त्याने तसे नंतर सांगितले. त्याला पाणी वाचता येत होते कारण कोणीतरी ते त्याला शिकवले होते, जसे आम्हाला कोणीतरी उदात्त शिकवला. फरक एवढाच, की त्याच्या पाठात सुरक्षित जागा कोणती हे आधी येत होते.

पावसाने आठाच्या सुमारास ओढ घेतली. असे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात, कारण त्यांचे पाणलोट लहान आणि उभे असते. साडेनऊला त्याच्या खुणेचे दोन्ही दगड विजेरीच्या उजेडात उघडे दिसले, आणखी तासभर त्याने थांबवले, मग एकेकाला पार केले. पाणी मांडीपर्यंत होते. घरी पोचायला मध्यरात्र उलटून गेली. महाविद्यालयात चौकशी झाली, ती होणे योग्यच होते. उशीर का झाला याचे कारण आम्ही ‘ओढ्यास पूर’ असे लिहिले. आम्ही उतरणार होतो, हे त्या खुलाशात लिहिले नाही. ते येथे लिहीत आहोत.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. प्रवाहात एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आम्ही ते एकदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहवले नाही. पावसाळ्यांत धबधब्यांवर मनाईचे हुकूम निघतात. हुकूम हवेतच. पण त्यांत पाण्यात उतरू नये असे असते. कोणते पाणी, कोणत्या रंगाचे, कोणत्या आवाजाचे, हे नसते, आणि माणसे फलकाशेजारीच उतरतात.

निबंधाचे गुण बदलता आले नाहीत, ते विद्यापीठाकडे गेले होते. तो मुलगा आता एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. सहली अजून निघतात, पावसाळ्यातच निघतात. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही त्याला दूरध्वनी करतो. मागच्या जुलैत आमचे स्थळ ठरले होते, अर्ज मंजूर झाला होता, गाडीचे पैसे भरून झाले होते. त्याने कुठे जाणार ते विचारले, वाट विचारली, ओढे किती ते विचारले.

“मॅडम, उद्या नको,” तो म्हणाला. “चार दिवस उघडू द्या, मग बघू.”

विद्यार्थी नाराज झाले. आम्ही वर्गात बसून गाथासप्तशती वाचली.