टोकियोतील एक इंजिन आणि आपले पूर्वज

मॉरिशसमध्ये जन्मलेल्या एका मराठी मुलाने जपानला जाऊन दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास अभ्यासावा, ही गोष्ट आमच्या घरी प्रथम कोणालाच पटली नव्हती. आजी तर म्हणाली, "त्या लढाईचा इतिहास मीच सांगते की! तांदूळ येईनासा झाला आणि आम्ही मक्याचे पीठ खाल्ले. झाला इतिहास!" १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला व तेथून आपल्या बेटावर येणारा तांदूळ बंद पडला, हे मला पुढे ग्रंथांत सापडले. आजीचा इतिहास खरा होता; तो केवळ अपुरा होता.

२००७ साली मी टोकियोतील एका विद्यापीठात दाखल झालो, तेव्हा माझा विषय मनाशी ठरलेला होता: नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद सेना. आमच्या बैठकेच्या भिंतीवरील नेताजींची तसबीर पाहतच मी मोठा झालो होतो. नेताजींच्या म्हणून ज्या अस्थी सुगिनामी भागातील रेन्कोजी मंदिरात जपून ठेवल्या आहेत, त्यांच्यापुढे मस्तक नमवूनच मी अभ्यासास आरंभ केला.

आमचे प्राध्यापक मितभाषी होते. माझा विषय ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "आपले पूर्वज मॉरिशसला कसे गेले?" मी म्हणालो, "रत्नागिरीकडून, उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून." ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग यासुकुनी येथील युद्धसंग्रहालयाच्या प्रवेशदालनातील आगगाडीचे इंजिन आधी पाहून या."

मी गेलो. काळेभोर, उत्तम निगा राखलेले ते इंजिन सी ५६ जातीचे, ३१ क्रमांकाचे. ऑक्टोबर १९४३ मध्ये सयाम व ब्रह्मदेश यांना जोडणारा लोहमार्ग सुरू झाला, त्या समारंभात हेच धावले होते; १९७९ साली ते मायदेशी परत आणण्यात आले. सागरी मार्ग शत्रूच्या पाणबुड्यांमुळे धोक्याचा झाला, म्हणून ब्रह्मदेशातील सैन्यास रसद पोचविण्यासाठी हा ४१५ किलोमीटरचा मार्ग सव्वा वर्षाच्या आसपास, डोंगर फोडून व अरण्य तोडून, बांधण्यात आला. त्यावर सुमारे ६०,००० युद्धबंदी राबले व त्यांतील १२,००० हून अधिक मेले, हे जगास ठाऊक आहे. परंतु आशियाई मजूर त्यांच्या कित्येक पट होते आणि त्यांतील मृतांचा अंदाज ८०,००० ते १,००,००० असा केला जातो. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने होते.

वाचकहो, ही हकीकत वाचताना मला आपल्याच घरची पोथी कोणी वाचून दाखवीत आहे असे वाटले. युद्धामुळे रबराची निर्यात थांबली, मळे बंद पडले, पोटाची भ्रांत पडली. तेव्हा तीन महिन्यांचे काम, चांगली मजुरी, असे आमिष दाखविण्यात आले. पुढे आमिषास कोणी भुलेना, तेव्हा माणसे मळ्यांतून बळाने उचलून नेण्यात आली. धोंडा उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून ज्यांना आपल्या बेटावर आणले, त्यांचीच ही भावंडे! १९४३ च्या पावसाळ्यात पटकीने त्यांच्या छावण्याच्या छावण्या ओस पडल्या.

त्याच देवस्थानाच्या आवारात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक आहे. ते २००५ साली उभारण्यात आले. टोकियोच्या खटल्यात १९४८ साली सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे ते एकमेव न्यायाधीश. मी तेथे अभिमानाने नमस्कार केला. पण त्यांचे निकालपत्र वाचल्यावर कळले, की त्यांचा आक्षेप कायद्यासंबंधी होता. अत्याचार घडलेच नाहीत, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. आणि नेताजी? त्यांच्या सेनेत याच मळ्यांवरील हजारो तरुण होते, आणि तिच्यासह १९४४ साली इंफाळवर चालून गेलेल्या जपानी फौजेची रसद याच मार्गावरून जात होती. दोन्ही गोष्टी सत्य आहेत. नेताजींविषयीचा माझा आदर कमी झाला नाही. मात्र त्या आदराआड ते मजूर झाकून ठेवणे मला अशक्य झाले. मी विषय बदलला. वडील काही दिवस नाराज होते.

कांचनबुरीच्या दफनभूमीत युद्धबंद्यांच्या सुमारे ७,००० समाध्या आहेत. युद्ध संपताच त्या बंद्यांची थडगी शोधण्यास गेलेल्या पथकासोबत नागासे ताकाशी हे जपानी दुभाषे होते. पुढे २०११ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपले आयुष्य प्रायश्चित्तात घालविले. त्या तमिळ मजुरांची मात्र अशी नोंद झालीच नाही. आपल्या पूर्वजांना धक्क्यावर क्रमांक देण्यात आला, याचा मला बालपणी राग येत असे. आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवहीत माझ्या खापरपणजोबांचे नाव, गाव व उंची वाचता येते. ज्यांची एवढीही ओळ नाही, त्यांच्या तुलनेत आपण भाग्यवान!

जपानमध्ये ओबोनच्या सणात पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे. ज्यांच्यामागे कोणी उरले नाही अशा मृतांना ते लोक 'मुएनबोतोके' म्हणतात व त्यांच्यासाठीही अन्न ठेवतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येचा आशय याहून निराळा नाही. परत आल्यापासून दरवर्षी त्या दिवशी घरच्या पितरांनंतर मी एक ओंजळ त्या अनाम मजुरांसाठी सोडतो. आजी हयात होती तोवर ती शेजारी बसे. पहिल्या वर्षी तिने विचारले, "ही कोणासाठी?" मी सांगितले. ती म्हणाली, "मग दोन सोड. बायका-पोरेही असतील."

आपल्या मंडळातील तरुणांना माझी एकच विनंती आहे: नोंदवहीत आपल्या घराण्याची ओळ शोधा, आणि घरात जी वृद्ध माणसे आहेत त्यांचे बोलणे आजच लिहून ठेवा. न लिहिलेला माणूस इतिहासातून किती सहज नाहीसा होतो, हे मी त्या चकचकीत इंजिनासमोर उभा राहून पाहिले आहे.