एक माणूस ठरवायचा

मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. आत पाच-सहा माणसं, बाहेर सामाईक गॅलरी, दिवसभर दारं उघडी. परळ-नायगावच्या अशा खोल्यांमधून मदतीसाठी माझ्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं, "मॅडम, कुणाला कळता कामा नये."

जगणं नकोसं झाल्याची चाहूल लागली, की मी आडून विचारत नाही. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं सरळ विचारते. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून अनेकांना हायसं वाटतं. मग सावकाश पुढचं: कधीपासून येतं, काही ठरवलंय का, पूर्वी असं झालं होतं का, आजवर कशानं थोपवलं? "मुलांकडे बघून तरी..." असं मी म्हणत नाही. आधीच वाकलेल्या माणसावर त्यानं आणखी ओझं पडतं.

मग कागद घेऊन दोघं मिळून सुरक्षा आराखडा लिहितो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली ही पद्धत. मन ढासळू लागल्याच्या खुणा, तेव्हा स्वतः करायच्या गोष्टी, जायची जागा, फोन करायची माणसं, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, केईएम रुग्णालयाची कॅज्युअल्टी; आणि घरातली धोक्याची वस्तू कोण ताब्यात घेणार. सगळं त्यांच्याच शब्दांत.

खरी कसोटी माणूस निवडताना लागते. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती गोपनीयता मोडायची मुभा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा देतो. तरी वेळ हाताशी असेल, तर कुणाला सांगायचं ते मी त्यांनाच ठरवू देते. नवरा नको? मग नणंद, शेजारच्या काकू, मंडळातला मित्र. पोलीस केसची धास्ती असते, तेव्हा त्याच कायद्याचं कलम 115 समजावते: जीव देण्याचा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरून सरकारनं शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असतात. मग त्या व्यक्तीला माझ्यासमोरच फोन लावतो. धोका अगदी जवळ असेल, तर ती येईपर्यंत मी त्यांना एकटं सोडत नाही.

उद्या असा फोन तुम्हालाही येऊ शकतो. तेव्हा कारणं उकरू नका. औषधं आपल्याकडे ठेवा, ओपीडीत सोबत जा, आणि गॅलरीत कुणी विचारलंच तर "डॉक्टरकडे गेलो होतो" एवढंच सांगा.