उत्तरांभोवती रचलेले प्रश्न

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’मध्ये सुरू झालेली स्कायवॉकर घराण्याची गाथा २०१९च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ या नवव्या चित्रपटाने संपवली. खरे तर उरकली. मेलेला सम्राट परततो, त्याचे धड कारणही मिळत नाही. लक्षात राहिली ती लेआ. कॅरी फिशर डिसेंबर २०१६मध्येच निवर्तल्या होत्या. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी ‘द फोर्स अवेकन्स’मधली न वापरलेली दृश्ये घेऊन तिच्या वाक्यांभोवती इतरांचे संवाद बेतले. उत्तरे आधीची, प्रश्न नंतरचे! लेआ त्यामुळे काहीशी मोघम, दुरून बोलल्यासारखी वाटते. समीक्षक म्हणून हा दोष मी नोंदवीनच. पण वडील गेल्यावर त्यांची पत्रे काढून मीही हेच करीत बसलो होतो. ‘प्रकृतीस जप’ एवढे वाक्य सापडे. आपण काय विचारले असते, ते मागाहून ठरवायचे.