पीएचडीची साप्ताहिक सुट्टी

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी वीज कंपनी दुरुस्तीची कामं काढते आणि एरवी ट्रकांनी गच्च असलेला चाकणचा तळेगाव चौक जरा सुटसुटीत दिसतो. माझ्याकडे पीएचडी करणारे नोकरदार विद्यार्थी कॉलेजात येतात ते याच दिवशी. कुणी हीट ट्रीटमेंटचा सुपरवायझर, कुणी क्वालिटीत, कुणी डिझाइनला. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी ते माझ्या लॅबमध्ये घालवतात. मग त्यांची सुट्टी कोणती? हे ना नोंदणीच्या अर्जात कुणी विचारतं, ना सहामाही प्रगती अहवालात.

माझा विषय धातूंचा फटीग. एका झटक्यात न तुटणारं पोलाद त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आला की तुटतं. 1842 मध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटून आगगाडीचा भीषण अपघात झाला. पुढे प्रशियात ऑगस्ट वोहलर यांनी रेल्वेच्या अ‍ॅक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग करून या विषयाचा पाया घातला. आज गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या पट्ट्यात स्प्रिंग, गिअर, क्रँकशाफ्ट यांतलं काहीच फटीगचा विचार केल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांना विषयांची ददात नाही. ददात आहे ती वेळेची.

आमचं रोटेटिंग बेंडिंग मशीन मिनिटाला 3000 फेरे घेतं. नमुना एक कोटी फेऱ्यांपर्यंत टिकला की त्याला ‘रनआउट’ म्हणायचं. म्हणजे साधारण साडेपंचावन्न तास. सोमवारी सकाळी आठला मशीन लावलं तर बुधवारी दुपारी साडेतीनला काम होतं. मंगळवारी लावलं तर गुरुवारच्या वीजबंदीत अडकतं, कारण आमचं कॉलेजही एमआयडीसीच्याच फीडरवर आहे. शुक्रवारी सकाळी लावलं की रविवारी दुपार. एका मशीनवर आठवड्याला दोन रनआउट, त्याहून जास्त नाहीत. नमुना मध्येच तुटला तर लिमिट स्विच मोटर बंद करतो आणि काउंटर तिथेच थांबतो. शेजारी माणूस असायची काही गरज नाही. तरी नवा विद्यार्थी पहिले काही महिने मशीनपाशी स्टूल टाकून बसतोच. आपण उठलो की नमुना तुटेल, असं त्याला वाटतं.

फटीग लिमिट काढायची ‘स्टेअरकेस’ नावाची पद्धत आहे. नमुना टिकला की पुढच्याला भार एक पायरी वाढवायचा, तुटला की एक पायरी उतरवायचा. असे निदान पंधरा नमुने तरी लागतात. सगळे टिकले तरी उत्तर निघत नाही आणि सगळे तुटले तरी नाही. तुटलेला नमुना या पद्धतीत हिशेबात धरलेला असतो. मात्र प्रत्येक तुटणं धरता येत नाही, आणि खरी परीक्षा तिथे असते.

चाकणच्या एका कंपनीत पाळ्यांत काम करणारे माझे एक विद्यार्थी सस्पेन्शन स्प्रिंगच्या पोलादावर शॉट पीनिंगचा अभ्यास करत होते. बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागाच्या थरात दाबाचा ताण भरून ठेवायचा, म्हणजे भेग सहजी उघडत नाही. त्यांचे नमुने मधल्या बारीक भागात तुटण्याऐवजी खांद्यापाशी, फिलेटवर तुटायला लागले. असा निकाल बाद. रात्रपाळी संपली की कंपनीच्या बसमधून उतरून ते थेट लॅबमध्ये यायचे, पुढचा नमुना चढवायचे. तोही तिथेच तुटायचा.

“मॅडम, मटेरियलचा लॉटच खराब आलाय,” ते म्हणाले. डोळे लाल झालेले.

“आज मशीनला हात लावू नका. घरी जा, जेवा, झोपा. तुकडे मात्र पुसू नका, डबीत ठेवा.”

पुढच्या गुरुवारी आम्ही ते तुकडे स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरले. ओहोटीनंतर वाळूवर लाटांच्या रेघा राहतात तशा कमानदार रेघा तुटलेल्या पृष्ठभागावर असतात. त्यांचा उलटा माग काढत गेलं की भेग सुरू झाली ती जागा सापडते. इथे प्रत्येक तुकड्यातला माग फिलेटवरच्या एका बारीक टूलमार्कपाशी संपत होता. लॉट चांगला होता. लेथवरचं टूल झिजलेलं होतं. टूल बदललं, फिलेटला पॉलिश दिलं आणि नमुने हवे तिथे तुटू लागले. हेच तुकडे त्यांनी रात्रपाळीनंतर भिंगाखाली पाहिले होते, तेव्हा त्यांना त्यात काहीच दिसलं नव्हतं. झोपेची बाजू मांडायला मला याहून वेगळा पुरावा नको.

फुकट गेलेल्या प्रयोगांची या भागाला जुनी ओळख आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन बनवणं हे त्याचं मुख्य काम. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1961 च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे गावाचं नाव थेट विज्ञानाच्या ग्रंथांत गेलं. अशा शोधात मातीचे बहुसंख्य नमुने कोरडे जातात. हॅमायसिन हाती आलं तेही पाण्यात नीट विरघळेना, त्यामुळे त्याचा वापर मर्यादितच राहिला. पण हे काम पगारी नोकरीत झालं. एखाद्या महिन्यात काही सापडलं नाही म्हणून घरचा किराणा अडत नव्हता.

पीएचडीच्या विद्यार्थ्याचं तसं नसतं. त्याची पदवी, बढती, नातेवाइकांच्या ‘अजून झाली नाही का?’चं उत्तर, सगळं त्या नमुन्यांवर टांगलेलं असतं. 2018 मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त 26 देशांतल्या 2279 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांत बहुतेक पीएचडीचे विद्यार्थी होते. त्यांतल्या 39 टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण 6 टक्के धरलं जातं. पाहणीत लोक स्वतःहून सामील झाले होते, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असेल. तरी दुर्लक्ष करण्याजोगा तो नाही.

आपल्याकडे नियम आहेत, पण ते वर्षांचे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत, महिलांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा. अर्धवेळ विद्यार्थ्याला कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. शोधनिबंध छापून आणायची सक्तीही या नियमांनी काढून टाकली, हे चांगलंच झालं. दिवसाचं मात्र काहीच ठरलेलं नाही.

कारखान्यात दिवस आधी ठरला. 1948 च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला 48 तास, दिवसाला नऊ तास, सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी घालून दिली. तासांची मर्यादा वाढवण्यावरून अलीकडे वाद चालू आहे, पण दमलेल्या माणसाच्या हातून माल बिघडतो आणि बोटंही जातात, हे शॉपवर कुणाला सांगावं लागत नाही. प्रेसवरच्या ऑपरेटरला जे मिळतं ते त्याच प्रेसवर प्रबंध लिहिणाऱ्याला का मिळू नये?

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी कारखान्याचेच नियम लावते. पाच तासांनंतर उठायचं, डबा टेबलावर नाही, बाहेर बसून खायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात डेटाचं विश्लेषण करायचं नाही, फक्त नमुने मोजायचे, फोटोंना नावं द्यायची, संदर्भ लावायचे. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी आणि कच्ची असते, त्यामुळे पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी बंद, खिडकीला जाड पडदा. आणि चालणं. निगडीत राहणाऱ्याला दुर्गा टेकडी आहे, देहू रोडच्या बाजूला घोरावडेश्वर आहे. बाइकवरून मोशी ते चाकण खड्डे खात जाणाऱ्या कमरेला तेवढा उतारा हवाच.

यांत सगळ्यात उपयोगी पडला तो हँडओव्हर. पाळी बदलताना सुपरवायझर वहीत लिहितो: कुठलं मशीन बंद, कुठला जॉब अर्धा, पुढच्यानं काय बघायचं. मग तो घरी जातो आणि मशीन दुसऱ्याचं होतं. विद्यार्थ्यानंही दिवस संपताना उद्याच्या स्वतःसाठी अशाच चार ओळी लिहायच्या. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात 57 तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहायला सांगितली, बाकीच्यांना झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. वहीचा खर्च बघता नऊ मिनिटं वाईट नाहीत.

इथे एक धोकाही आहे. सवयींचा उपदेश करून मार्गदर्शकाला हात झटकता येतात. सहा महिने प्रकरण वाचलं नाही, रात्री दहाला फोन करून आकडे मागितले आणि वर योगासनं करायला सांगितली, तर तो निव्वळ निर्लज्जपणा. स्टायपेंड रखडला असेल तर सूर्यनमस्कारानं तो जमा होत नाही. मन बराच काळ खचलेलं असेल तर टेकडी पुरत नाही, डॉक्टर लागतो. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर 2022 पासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तो माझ्या लॅबच्या दारावर लावलेला आहे, फायर एक्स्टिंग्विशरच्या शेजारी.

यूजीसीच्या नियमांप्रमाणे संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. किती प्रयोग झाले, किती प्रकरणं लिहिली, हे तिथे विचारलं जातं. माझी सूचना साधी आहे: त्याच फॉर्मवर आणखी दोन रकाने छापावेत. एक, बाद झालेले प्रयोग आणि त्यांतून काय कळलं. दुसरा, साप्ताहिक सुट्टीचा वार. दुसरा रकाना कोरा आला तर समितीनं प्रश्न विद्यार्थ्याला नाही, मार्गदर्शकाला विचारावा. मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी आता महिन्यातले दोनच गुरुवार ठेवले आहेत. उरलेले दोन त्यांचे. त्यांतला एखादा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करण्यात किंवा पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टला थर्माकोल कापण्यात गेला, तरी प्रबंधाचं काही बिघडत नाही. मशीन सोमवारीच लावायचं असतं.