तिलोनियाचा कंदील

जयपूरहून अजमेरकडे जाताना फुलेरा जंक्शन मागे पडले की दोन्ही बाजूंचा मुलूख रुक्ष होऊ लागतो. खेजडीची विरळ झाडे, बाभळी, मधूनच बाजरीचे एखादे शेत. सांभरचे खारे सरोवरही येथून फार दूर नाही. वेगवान गाडीने जाणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानात तिलोनिया हे लहानसे स्थानक येणारसुद्धा नाही. त्याचे मन किशनगढच्या संगमरवराकडे, अजमेरच्या दर्ग्याकडे किंवा पुष्करच्या घाटांकडे आधीच धावलेले असते. तथापि ज्या वाचकांच्या घरी पहिली-दुसरीत शिकणारे मूल आहे, त्यांनी एक संध्याकाळ या गावासाठी राखून ठेवावी असे मी आग्रहाने सुचवीन.

1972 साली बंकर रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे, क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या जुन्या आरोग्यधामात, आपले कार्य आरंभिले. संस्थेचे मूळ नाव लांबलचक व सरकारी वळणाचे होते; लोकांच्या तोंडी बसले ते बेअरफुट कॉलेज. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव अडचणीत टाकते. ‘अनवाणी महाविद्यालय’ म्हणावे, तर महाविद्यालयाला पाय कुठले? ‘अनवाण्यांचे महाविद्यालय’ म्हटले की अर्थ बसतो, पण इंग्रजी नावातली मौज मात्र निसटते.

दिवसा शेळ्या-मेंढ्या राखणारी, पाणी वाहणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुले शाळेत जाणार कधी? या प्रश्नाला उत्तर म्हणून 1975 पासून येथे रात्रशाळा सुरू झाल्या. गुरे घरी आली, भाकरी खाऊन झाली, की मुले पाटी घेऊन जमत. शिक्षक गावातलेच असत. पदवीची अट नव्हती. अक्षरे व अंक तर शिकवीतच, शिवाय जमीन कशी मोजावी, टपाल कसे पाठवावे, जनावर आजारी पडले तर काय करावे, हेही धडे असत.

प्रारंभी या वर्गांत रॉकेलचा कंदील असे. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी बालपणी अशा उजेडात अभ्यास केला असेल त्यांना काही सांगावयास नको. कंदील मधोमध, भोवती मुलांचे कोंडाळे. पहिल्या रांगेतल्याला पाटी दिसते. मागच्याच्या पाटीवर मात्र पुढच्याच्या डोक्याची सावली पडते. काच काजळते, डोळे चुरचुरतात, आणि तेल संपले की ‘क’च्या बाराखडीचे उरलेले अर्धे काम उद्यावर जाते. प्राथमिक वर्गातील नवनवीन साधनांविषयी आज आपण पुष्कळ वाचतो. परंतु अक्षर ओळखण्यापूर्वी ते दिसावे लागते, ही गोष्ट इतकी साधी आहे की विजेचे बटण हाताशी असणाऱ्यांना ती सुचतच नाही.

1989 पासून संस्थेने सूर्यशक्तीवर भर दिला आणि रात्रशाळांत सौरकंदील आले. रचना सोपी आहे. काळसर निळ्या पट्टावर दिवसभर ऊन पडते, त्यापासून उत्पन्न झालेली वीज बॅटरीत साठते, आणि बॅटरी फाजील भरू नये वा पार रिकामी होऊ नये याची काळजी एक छोटे विद्युत्‌मंडल घेते. हे मंडल जुळविण्याचे काम येथे स्त्रिया शिकल्या. त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळख नाही, काहींना जेमतेम सही येते.

कार्यशाळेत मी एका वृद्ध बाईंच्या शेजारी बसलो होतो. त्या तापल्या सळीने डाख देत होत्या. समोर ज्वारीच्या दाण्यांएवढे रोधक पडलेले, प्रत्येकावर रंगीत कडी. पिवळे, जांभळे, तांबडे अशी तीन कडी एका ओळीत आली तर त्याचा अर्थ चार हजार सातशे ओहम. पिवळे म्हणजे चार, जांभळे म्हणजे सात आणि तांबडे म्हणजे पुढे दोन शून्ये. मी एक दाणा उचलून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो न्याहाळून परत ठेवून दिला आणि दुसरा घेतला. मी चुकीचा उचलला होता. चार लिप्या वाचू शकतो असा माझा समज. येथे मी निरक्षर ठरलो.

हेच रंगांचे शास्त्र आफ्रिकेतून आलेल्या आज्याही येथे सहा महिने राहून शिकल्या. 2008 पासून त्यांच्या शिक्षणाला भारत सरकारने साहाय्य दिले. शिकविणारीला शिकणारीची भाषा येत नसे. हातवारे, रंग आणि करून दाखविणे एवढ्यावर भागले. दुभाष्याला तेथे काम नव्हते, हे मी थोड्या मत्सरानेच लिहीत आहे.

आता एक शंका, जी मला तेथेही छळत होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात आपल्या घरी रात्रशाळा उघडली, ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. पण सहा-सात वर्षांच्या मुलीने दिवसभर शेळ्यांमागे हिंडावे आणि दमल्या डोळ्यांनी रात्री शिकावे, यात आपण समाधान मानायचे काय? 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला. तो 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. रात्रीचे दोन तास म्हणजे तो हक्क नव्हे. मला वाटते, कंदिलाचे कौतुक करताना हे विसरू नये. मात्र ज्या वर्षी दिवसाची शाळा त्या मुलीपर्यंत पोचत नाही, ते तिचे वर्ष काही थांबून राहत नाही.

मुलांनी स्वतः याबाबत बरीच दक्षता दाखविली. रात्रशाळांतील मुले मतदान करून आपली संसद निवडीत. शिक्षक वेळेवर येतात की नाही, कंदील बिघडला तर दुरुस्त होतो की नाही, याची चौकशी तिचे मंत्री करीत. शेळ्या राखणाऱ्या मुलीने पंतप्रधान म्हणून मोठ्या माणसांना जाब विचारावा, हे दृश्य आपल्या शहरांतील शाळांतून मी अद्याप पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्थानकाकडे निघालो. एका घराच्या धाब्यावर कोणीतरी सौरपट्ट दक्षिणेकडे कलता करून ठेवीत होते. खाली फाटक उघडले, आणि शेळ्यांचा कळप रानाकडे निघाला. मागोमाग हातात काठी घेतलेली एक मुलगी.