वृद्धाश्रमात गाणं घेऊन जाताना

गार्डन रीच म्हटलं की बाहेरच्यांना हुगळीच्या काठचा जहाजांचा कारखाना आठवतो. आमच्यासारख्या मराठी घरांना आठवते ती रेल्वे. दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय इथे आहे. तिच्या आधीच्या बंगाल नागपूर रेल्वेचंही इथेच होतं. त्यामुळे नागपूरकडची माणसं बदलीवर इथे आली, काही इथलीच झाली.

या भागाची त्याहून जुनी ओळख गाण्याची आहे. इंग्रजांनी १८५६ मध्ये अवध घेतलं आणि नवाब वाजिद अली शाह शेजारच्या मेटियाबुर्जला आले. १८८७ मध्ये वारले तेही इथेच. लखनौ परत मिळालं नाही, पण गवई, वादक, नर्तक त्यांनी जवळ ठेवले. घर सुटलेल्या माणसाला गाणं कशाला हवं असतं, हे मात्र मला इथल्या एका वृद्धाश्रमात कळलं.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिघं तिथे गायला जातो. एक पेटीवर, एक तबल्यावर आणि गाणारी मी. समोर वीसेक आजी-आजोबा. बहुतेक बंगाली, काही हिंदी बोलणारे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत एक मराठी आजी. त्यांची सगळी हयात कोलकात्यात गेली, बंगाली अस्खलित यायचं. आता स्मृतिभ्रंशात ते निसटत चाललंय. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते. पण आश्रमात मराठी कुणालाच येत नव्हतं. आयामाशी म्हणायच्या, “माशीमा काहीतरी पुटपुटतात, मग गप्प होतात.”

एका रविवारी मी गीतरामायणातलं एक गीत घेतलं. पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये ही मालिका सुरू झाली, तेव्हा आजी शाळेत असतील. दुसऱ्या ओळीला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली. तिसऱ्या ओळीला त्या गायला लागल्या. शब्द सगळे बरोबर, फक्त लय माझ्यापेक्षा संथ. मी त्यांच्या लयीत गेले. गाणं संपलं तसा त्यांनी माझा हात धरला आणि स्पष्ट म्हणाल्या, “गुडघा फार दुखतो गं.”

हे त्या कितीतरी दिवस सांगत असणार. ऐकणारं कुणी नव्हतं असं नाही, समजणारं नव्हतं. त्या दिवशी आयामाशींनी वहीत बंगाली अक्षरांत मराठी शब्द लिहून घेतले: दुखतंय, थंडी वाजते, नको, भूक लागली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघा पाहिला. आजींचा स्मृतिभ्रंश बरा झाला नाही, तो गाण्याने होतही नाही. पण त्यांचं “नको” आता तिथे कळतं.

पुढच्या वेळी मला शेजारच्या बंगाली दादूंची काळजी होती. मराठी गाण्यात ते एकटे पडतील का? म्हणून हेमंतकुमारांनी लतादीदींबरोबर गायलेलं कोळीगीत निवडलं. हेमंतदांचं नाव घेताच दादू सरसावून बसले. भाषा कळली नाही, पण गाणं त्यांच्याच माणसाचं निघालं!

हे काम स्पीकरवर होत नाही का? थोडं होतं. पण स्पीकर थांबत नाही, सूर खाली घेत नाही, कुणी रडलं तर जवळ बसत नाही. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘लाइव्ह म्युझिक नाउ’ ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. तिचे कलाकार आजही वृद्धांच्या निवासांत जाऊन प्रत्यक्ष वाजवतात.

तुम्हालाही जायचं असेल तर अनुभवातून चार गोष्टी सांगते. गाणी आपल्या आवडीची नकोत. ते पंधरा ते पंचवीस वर्षांचे असताना जी गाजत होती, ती शोधा. पट्टी नेहमीपेक्षा खाली घ्या, म्हणजे त्यांनाही गाता येतं. माइक टाळा, कारण श्रवणयंत्रात मोठा आवाज टोचतो. समोर उभं राहून गाण्यापेक्षा जवळ बसा. अर्धा-पाऊण तास पुरे. आणि फोन खिशात ठेवा. कुणाचेही अश्रू विचारल्याशिवाय रीलमध्ये जाऊ नयेत.

सगळ्यात महत्त्वाचं, पुन्हा जा. पंधरा ऑगस्टला, महालयाला पुष्कळ मंडळी येतात, फळं वाटतात, फोटो काढतात. नंतर वर्षभर कुणी फिरकत नाही. तिथल्या एका आजोबांनी पहिल्या दिवशी आम्हाला गाण्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “आबार कॉबे आशबे?” म्हणजे, पुन्हा कधी येणार? गाणं साधं असलं तरी चालेल, या प्रश्नाला मात्र आपल्याकडे नक्की तारीख हवी.