मत देता येते, पण फोन कोनाले करा?

निवृत्त शिक्षकाला भाषणाची खोड असतेच. निवडणूक जवळ आली की बोरी अरबच्या टपरीवर माझं ठरलेलं भाषण व्हायचं. जात पाहून मत देणं हा शुद्ध अडाणीपणा, उमेदवाराचं काम पाहा, जाहीरनामा वाचा. ऐकणारे माना डोलवायचे, चहा संपवायचे आणि ज्याला द्यायचं त्यालाच मत द्यायचे. आता मी ते भाषण देत नाही. माझं मत पालटलं, आणि ते कुठलं पुस्तक वाचून पालटलं नाही.

आमचा यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका. 1985 पासून दारव्हा मतदारसंघात काँग्रेसचे माणिकराव ठाकरे निवडून येत. 2004 मध्ये शिवसेनेच्या संजय राठोड यांनी त्यांना पाडलं. 2009 ला दारव्हा, दिग्रस आणि नेर मिळून दिग्रस मतदारसंघ झाला, तेव्हापासून दर वेळी राठोडच. 2022 मध्ये शिवसेना फुटली, ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, तरी 2024 ला पुन्हा तेच. आणि समोर पुन्हा माणिकरावच. राठोडच का, याचं उत्तर मी एका वाक्यात द्यायचो : राठोड बंजारा, तांडे बंजारा, संपला विषय. खरं तर नुसत्या तांड्यांच्या मतांवर इथे कोणी आमदार होत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण भाषणाच्या ओघात तेवढं विसरायला होतं.

मग जवळच्या तांड्यावरच्या एका म्हातारीचं प्रकरण आलं. नवरा वारलेला, मुलगा ऊसतोडीला गेलेला, आणि निराधार योजनेचे पैसे अडलेले. अर्ज मी स्वतः लिहून दिला. सुवाच्य अक्षर, शासन निर्णयाचा हवाला, सोबत उत्पन्नाचा दाखला. माझ्या मते त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कचेरीत तो पडून राहिला. म्हातारीने मला काही न सांगता बंजारा समाजाच्या एका कार्यकर्त्याला गाठलं, त्याने कुठेतरी फोन लावला आणि पैसे खात्यात आले. मी जरा फुगूनच तिला विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं? ती हसली. ‘तुमचा अर्ज लय झकास होता गुर्जी, पन तिथं वाचते कोन? मत त कोनालेही देता येते, पन नड पडली त फोन कोनाले करा?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाहीरनाम्यात रस्ता असतो, सिंचन असतं, कापसाचा भाव असतो. म्हातारीच्या पासबुकाचा त्यात उल्लेख नसतो. कांचन चंद्रा या अभ्यासकांनी बहुजन समाज पक्षाच्या निमित्ताने लिहिलेल्या पुस्तकात हेच मांडलं आहे : जिथे सरकारी काम ओळखीने होतं, तिथे माणूस आधी पाहतो की वर आपल्यातले किती बसलेत. म्हातारीने ते पुस्तक वाचलेलं नाही. तिला गरजही नाही.

फोनच्या पलीकडेही काही असतं, ते मला उशिरा दिसलं. तांड्यावरच्या घरांत बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या शेजारी वसंतराव नाईकांची तसबीर असते. पुसदजवळच्या गहुलीचा हा बंजारा माणूस 1963 ते 1975 अशी अकरा वर्षं महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. विमुक्त जातींच्या यादीत असलेल्या समाजाला या गोष्टीचं काय वाटत असेल, ते आम्हा पाटलाच्या वाड्यांतून आलेल्या लोकांना कळायला वेळ लागतो. आमच्या तसबिरींना कधी मोजदादीची गरज पडली नाही.

आणि माझं स्वतःचं? मी कुणबी. ‘विकास’ पाहून मत दिलं, असं आयुष्यभर सांगत आलो. एकदा सहज आठवून पाहिलं, तर माझा विकास बहुतेक वेळा आमच्याच सोयरिकीत जन्माला आलेला निघाला. बायको म्हणाली, हे मला आधीपासून माहीत होतं.

पण म्हणून ही निष्ठा आंधळी आहे, असंही मी आता म्हणत नाही. 2024 च्या लोकसभेला आमच्या यवतमाळ-वाशिम मतदारसंघात शिंदे यांच्या शिवसेनेच्या राजश्री पाटील पडल्या आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे संजय देशमुख निवडून आले. नोव्हेंबरात विधानसभेला आमच्याकडे शिंदे यांच्याच पक्षाचे राठोड. पक्ष तोच, पण कुणासाठी मत मागता हे लोक पाहतात. जात दारात उभं करते. आत बसवायचं की नाही, हे घरचे लोक ठरवतात. गेल्या काही वर्षांत विदर्भात दलित, मुस्लिम आणि कुणबी यांच्या मोटेची जी चर्चा होते, तिच्याकडेही मी याच नजरेने पाहतो. कापूस-सोयाबीनचा भाव आणि संविधानाची काळजी या दोन गोष्टी जमल्या म्हणून ती बांधली गेली. उद्या सुटूही शकते.

मला अजून टोचतं ते वेगळंच. बंजारा समाजाला अनुसूचित जमातीत जागा हवी आहे, जिल्ह्यातल्या आदिवासींचा त्याला विरोध आहे. दोन्हीकडची मुलं माझ्या वर्गात एका बाकावर बसून शिकली. दोघांचंही म्हणणं मला पटतं, आणि कुठल्या बाजूला उभं राहावं ते कळत नाही. शिवाय ज्यांची संख्याच नाही, त्यांनी कोणाला फोन करायचा? गावाच्या कडेला भटक्यांची काही घरं आहेत. त्यांच्या पाण्याच्या नळाबद्दल मी एका पक्षाच्या कार्यकर्त्याशी बोललो. पोरगा चांगला आहे, माझाच विद्यार्थी. त्याने खिशातली यादी काढली, बोट फिरवलं आणि विचारलं, ‘गुर्जी, तिथं मतं किती?’